पिशवीभर गोळ्या नकोत, वेळेवर सुई हवी

वजन घटविण्याचे ऑपरेशन म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे वस्तीत सर्रास बोलले जाते. परंतु वाढलेल्या वजनापायी मधुमेह आणि धाप जडलेल्या माणसाला ते जीवदान ठरू शकते. आमच्या कार्यालयातील एका भगिनीच्या थोरल्या बहिणीचे असे ऑपरेशन झाले. दुर्बिणीतून जठराचा मोठा भाग काढला. रुग्णालयातील धावपळ आम्हा कार्यकर्त्यांकडेच होती.

घरी सोडताना चिठ्ठीवर अँटिबायोटिकची एकही गोळी नव्हती. दाजी बिथरले. "पैसेवाल्याला पिशवीभर औषध आणि आमची कोरडी बोळवण!" म्हणत ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गोळ्या घ्यायला निघाले. त्यांचा संशय हवेतून आलेला नव्हता. रांगेत शेवटी उभे राहण्याचा अनुभव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. म्हणून आम्ही दाजींना थांबवले आणि डॉक्टरबाईंनाच विचारले. आम्ही कारकून माणसे, आधी नोंद पाहणार. बाईंनी केसपेपर पुढे केला. रुग्णाचे वजन १२४ किलो, सेफाझोलिनचे इंजेक्शन ३ ग्रॅम, वेळ ९ वाजून १० मिनिटे. पोटावर छेद ९ वाजून ४० मिनिटांनी.

यातली गोम बाईंनी समजावून दिली. छेद घेताच कातडीवरचे जंतू आत शिरू शकतात. त्या क्षणी औषध रक्तात हजर पाहिजे. १९६१ साली अमेरिकेतील शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. जंतू शिरण्याआधी दिलेल्या औषधाने उत्तम काम केले. तीन तास उलटल्यावर दिलेले निरुपयोगी ठरले.

मात्राही महत्त्वाची. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे अतिस्थूल रुग्णांना या औषधाची मात्रा १ ग्रॅमवरून २ ग्रॅम केली, तेव्हा जखमा चिघळण्याचे प्रमाण शेकडा १६.५ वरून ५.६ वर आले. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. २०१३ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत प्रौढांना २ ग्रॅम, १२० किलो वा अधिक वजन असल्यास ३ ग्रॅम, छेदाआधी तासाभरात, आणि ऑपरेशन चार तासांहून लांबल्यास पुन्हा मात्रा, असे सांगितले आहे.

मग नंतर गोळ्या का नाहीत? केवळ प्रतिबंधासाठी ऑपरेशननंतर अँटिबायोटिक चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले. त्याने फायदा वाढत नाही; जुलाब, अंगावर पुरळ आणि औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. उद्या खरोखर संसर्ग झाला, तर तेच औषध हात टेकते. हे ऐकून दाजी गोळ्यांचा नाद सोडून रिक्षा आणायला गेले.

बंधू-भगिनींनो, घरात कुणाचे असे ऑपरेशन ठरले तर चार गोष्टी ध्यानी ठेवा. पेनिसिलिनसारख्या औषधाची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगा. साखर ताब्यात आणा, विडी-सिगारेट सोडा. घरी ब्लेडने पोटावरचे केस काढू नका. इंजेक्शन केव्हा आणि वजनानुसार किती देणार, हे नम्रपणे पण न घाबरता विचारा. घरी आल्यावर ताप, टाक्यांतून पू, वाढती पोटदुखी किंवा छातीची धडधड जाणवली, तर मेडिकलमध्ये नव्हे, तडक रुग्णालयात जा. तेव्हा डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले, तर ते सांगितल्याप्रमाणे पुरते घ्या.

उपचारात बरोबरीचा हक्क मागायचाच आहे. तो योग्य मात्रेचा आणि योग्य वेळेचा मागू या.