चोर्ला घाटाच्या अलीकडे

बेळगावकराला गोवा परका वाटत नाही. शनिवारी जेवून निघालं, की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी करत संध्याकाळी पणजीत. परतीची वाटही तीच. फरक एवढाच, की परतताना आपल्यातले बरेच जण ‘थोडी घेऊन’ गाडी चालवतात. मीही चालवत असे.

गेल्या पावसाळ्यात मी आणि माझी आतेबहीण नात्यातल्या एका साखरपुड्यासाठी पणजीला गेलो होतो. रात्रीच परतायचं म्हणून निघण्याआधी फोंतैन्हासमधल्या एका लहानशा बारमध्ये जेवायला शिरलो. रंगवलेल्या भिंती, लाकडी बाकं, तळलेल्या मासळीचा वास. मी दोन बिअर घेतल्या. दुसरी घाईघाईत संपवली आणि चावी उचलली.

“घाट चढायचाय ना?” गल्ल्यावरच्या वयस्कर मालकांनी विचारलं आणि ड्रॉवरमधून मोबाइलएवढं यंत्र काढलं. आल्कोमीटर! आजवर ते पोलिसांच्याच हातात पाहिलं होतं. मी लगेच तोंड पुढे केलं.

“मात्शें राव, बाब.” जरा थांब. नुकताच घोट घेतलेला असला तर तोंडात राहिलेल्या दारूमुळे आकडा फुगून येतो, असं त्यांनी सांगितलं. चूळ भरून पंधरा मिनिटं बसायचं, मग फुंकायचं.

बसलो. फुंकलं. आकडा आला 24. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तामागे 30 मिलिग्रॅम. मी उठलोच.

“आणखी अर्धा तास बस,” मालक म्हणाले. बहिणीनेही माझा हात धरून खाली बसवलं. “दादा, बस ना. तुला चालवता येत नसेल तर मला कुठे येतंय?”

अर्ध्या तासाने आकडा आला 38.

मधल्या वेळात मी फक्त काळी कॉफी प्यायलो होतो. मालक हसले. पोटातली दारू रक्तात उतरायला वेळ लागतो, त्यामुळे शेवटच्या घोटानंतरही आकडा चढत राहतो. कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर थंड पाण्याचा हबका यांनी झोप उडेल, दारू उतरणार नाही. ते काम यकृताचं, आणि ते तासाला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅमच्या वेगानेच होतं. पहिल्या आकड्यावर विसंबून निघालो असतो, तर पणजी सोडायच्या आतच मर्यादा ओलांडली असती, आणि मला वाटत राहिलं असतं की मी ठीक आहे.

“मग या यंत्राचा उपयोग काय?” मी जरा चिडूनच विचारलं.

“याच्यावर बघून मी कुणाला जा म्हणत नाही. थांब म्हणायला बरं पडतं. माझं कोण ऐकत नाही, आकड्याचं ऐकतात.”

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्या रात्री माझ्या डोक्यात दंड नव्हता. शेजारी बसलेली बहीण होती, आणि बेळगावात जागी असलेली आत्या.

गाडी तिथेच ठेवली. आत्याला फोन केला, जवळच्या लॉजवर दोन खोल्या घेतल्या.

सकाळी भाजी-पाव खाऊन निघालो. केरी सोडल्यावर चढ लागला आणि धुकं गाडीवर उतरलं. वळणावळणावर समोरून ट्रक येत होते. एका ठिकाणी कठडा तुटलेला होता, पलीकडे नुसता पांढरा शून्य. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. बहीण काही बोलली नाही, मीही नाही.

कणकुंबीला चहा घेताना आत्याचा फोन आला. “कुठवर आलात रे?”

“घाट चढून आलो गं,” मी म्हटलं.

आता गोव्याला जाताना आमचं आधीच ठरतं: घ्यायची असेल तर मुक्काम, परतायचं असेल तर चालवणाऱ्याला कोकम सरबत. आणि मुक्काम असला तरी खूप घेतली असेल तर सकाळीही चावीची घाई नाही.