रिकामा रकाना

ध्वनिमुद्रित गीताला दोन नावे असतात, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानी नसते. एक नाव फाइलचे, जे संगणकाच्या पडद्यावर दिसते. आणि दुसरे फाइलच्या पोटात दडलेले, ज्याला टॅग म्हणतात. कॅसेटच्या काळी हीच गोष्ट निराळ्या रूपात होती. डबीच्या कडेवर एक नाव असे आणि आतल्या कागदावर गीतांची यादी. डबी हरवली की कागदही गेला, आणि हाती उरे ती नुसती फीत. वसईतील आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदाच्या आणि घरोघरीच्या लग्नांच्या अशा कितीतरी फिती गेल्या काही वर्षांत संगणकावर उतरविण्यात आल्या. ज्यांनी त्या उतरविल्या त्यांनी आवाज राखला, त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. परंतु नावाच्या जागी ‘ट्रॅक ०१’, ‘बाजू अ’, ‘लग्न जुने कॉपी २’ असे काहीबाही राहून गेले. अकराशेच्या घरातील ह्या फाइलींना नावे देण्याचे काम आम्हां तिघांकडे आले.

एमपी३ची रचना झाली तेव्हा तीत गीताच्या नावासाठी जागाच ठेवलेली नव्हती. ती उणीव एरिक केम्प ह्या गृहस्थांनी १९९६ साली भरून काढली. फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटांचे शेपूट जोडावे आणि त्यात गीत, गायक, संग्रह, वर्ष, टीप व प्रकार नोंदवावा, अशी त्यांची योजना. गीताला ३० बाइट, गायकाला ३०, संग्रहाला ३०. इंग्रजी अक्षरे धरली तर तीस अक्षरे बसत. देवनागरीचा विचार त्यात नव्हता. आजच्या युटीएफ-८ रीतीने तेथे लिहू गेल्यास आपले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्रा, काना ही चिन्हे वेगळी मोजली जातात. ‘देवमाता’ एवढ्या एका शब्दातच एकवीस बाइट संपतात. पुढे १९९८ साली आलेल्या दुसऱ्या रचनेत टॅग फाइलच्या आरंभी गेला, ऐसपैस झाला आणि त्यात युनिकोडलाही स्थान मिळाले. तेव्हापासून मराठी गीताला आपले पूर्ण नाव मराठीत धारण करता येऊ लागले.

अकराशे फाइली एकेक उघडून लिहीत बसणे म्हणजे वर्षाची निश्चिती. त्यासाठी टॅग बदलणारे कार्यक्रम असतात. जर्मनीच्या फ्लोरियान हायडेनराइख यांचा एमपी३टॅग त्यांतला बहुपरिचित. एकदा नियम सांगावा, शेकडो फाइली निवडाव्यात, आणि क्षणार्धात तो नियम सर्वांवर चालवावा, असे त्याचे काम. अधोरेषा असेल तेथे मोकळी जागा करावी. शेवटचे ‘कॉपी’ काढून टाकावे. नावात क्रमांक, गायक, गीत असा क्रम असेल तर तिन्ही भाग सुटे करून आपापल्या रकान्यात ठेवावेत, आणि उलट, रकाने भरलेले असतील तर त्यांतून फाइलचे नाव बांधावे. हे सारे नियम ओळीने लावून ठेवता येतात. पहिल्याच संध्याकाळी सातशे फाइलींचा कचरा निघाला तेव्हा आम्हांस घर झाडून झाल्यावर येतो तसला हलकेपणा आला.

नियमांत सर्वांत लहान, पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा नियम शून्याचा. गाडीतील जुनी यंत्रे फाइली अंकांच्या किमतीप्रमाणे नव्हे, तर अक्षरांच्या क्रमाने लावतात. त्यामुळे १ नंतर २ येत नाही, १० येतो. आमच्याकडे क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने चौदा फाइलींत होती. गाडीत ती लावली की पहिल्या स्थानी प्रभूला देहदंडाची शिक्षा होई, आणि लगोलग दहावे स्थान, म्हणजे वस्त्रे उतरविणे. मग क्रुसावर खिळणे, मरण, क्रुसावरून उतरविणे, कबरेत ठेवणे. आणि हे सर्व झाल्यावर दुसऱ्या स्थानी प्रभू क्रूस खांद्यावर घेई! एकेरी अंकाआधी शून्य लावा, एवढेच संगणकाला सांगावयाचे. उपवासकाळ वाटेवर आला.

नियम आज्ञाधारक असतो, आणि त्याची गंमतही त्यातच आहे. ‘एफआर’ ही इंग्रजी अक्षरे दिसतील तेथे ‘फादर’ लिहावे असे सांगितले, तर तो फ्रान्सिसच्या आरंभीही फादर लिहितो. ‘एसटी’ म्हणजे ‘सेंट’ म्हटले, की ख्राइस्टच्या शेवटी सेंट येऊन बसतो. मराठीत ‘फा’चे ‘फादर’ करू पाहिले, तर फातिमामातेची ‘फादरतिमा’ होईल. बदल करण्याआधी तो कसा दिसेल हे पडद्यावर पाहता येते, म्हणून असले प्रकार फाइलीपर्यंत पोहोचत नाहीत, हशापुरते राहतात. शब्द सुटा असेल तरच बदला, अशी अट रेग्युलर एक्स्प्रेशन नावाच्या सांकेतिक लिपीत घालता येते. इंग्रजीसाठी ती चोख चालते. देवनागरीत मात्र पुष्कळ कार्यक्रम काना-मात्रेला अक्षर मानीत नाहीत, आणि मग शब्दाच्या मध्येच त्यांना शब्दाचा शेवट दिसतो. शिवाय ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी टंकता येतो. ‘किनाऱ्यावरी’ हा शब्द दोन फाइलींत डोळ्यांना तंतोतंत सारखा दिसावा आणि संगणकाने मात्र तो दोन वेगळे शब्द म्हणून धरावा, हे समजून घेण्यात आमचे दोन दिवस गेले. अशा ठिकाणी आधी सगळे एका रीतीत आणणारा नियम, आणि त्यानंतर शोधाचा, असा क्रम ठेवावा लागतो.

इथवर सारे सोपे होते. पुढे नियमाचा हात माणसांच्या नावांपर्यंत आला.

फिती उतरविणाऱ्यांनी आडनावे इंग्रजीत लिहिली होती, आणि ज्याची त्याची रीत वेगळी. गोन्साल्विस तीन प्रकारे, परेरा दोन प्रकारे, रॉड्रिग्जच्या शेवटी कुठे ‘एस’, कुठे ‘झेड’. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान, हा निरुपद्रवी वाटणारा नियम डिसोझामधल्या मोठ्या ‘एस’ला लहान करतो. हे सर्व एका साच्यात ओतावे, म्हणजे यादी सुबक होईल, असे आमच्यातील एकाचे मत. पण बाप्तिस्म्याच्या दफ्तरात ज्या घराचे आडनाव ज्या अक्षरांनी लिहिले गेले, ते घर तेच चालवीत आले आहे. पारपत्रावर तेच, कबरेवरच्या दगडावरही तेच. दोन स्पेलिंगे म्हणजे पुष्कळदा दोन घरे असतात. आम्ही आडनावांना नियमाबाहेर ठेवले आणि एकेक घराला विचारून लिहिले. धर्मप्रांताच्या रकान्यात मात्र नियम चालला, पण अट घालून: वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला, म्हणून त्याआधीच्या मुद्रणांवर मुंबई महाधर्मप्रांत लिहावयाचे, नंतरच्यांवर वसई. वर्ष ठाऊक असेल तेथे हे काम संगणकाने बिनचूक केले.

टॅगमध्ये भाषेचाही एक रकाना आहे. तेथे ठराविक आंतरराष्ट्रीय यादीतील तीन अक्षरांची खूण लिहावयाची असते. मराठीला खूण आहे, कोकणीला आहे. आमच्या आज्या ज्या सामवेदी बोलीत गायल्या तिला त्या यादीत खूणच नाही. पुढे २००७ साली आलेल्या विस्तृत यादीत ‘एसएमव्ही’ अशी खूण सामवेदीला मिळाली. पण टॅगच्या नियमपुस्तकात जुनीच यादी ग्राह्य आहे. प्रकाराच्या रकान्याची तीच तऱ्हा. मूळच्या ऐंशी प्रकारांत अडतिसावा ‘गॉस्पेल’ आहे, एकसष्टावा चक्क ‘ख्रिश्चन रॅप’ आहे. पण हळदीला, मांडवाला, वरात दारी येताना बायका म्हणतात त्या गीतांना काय म्हणावे? सर्वांना ‘लोकसंगीत’ म्हणून मोकळे होता आले असते. आम्ही टीपेच्या रकान्यात बोली आणि प्रसंग आपल्या शब्दांत लिहिला. यंत्राला तो कळणार नाही, माणसाला कळेल.

आणि मग गायकाचा रकाना. आवाजाच्या ठशावरून गीत ओळखणाऱ्या सोयी आता आहेत. रॉबर्ट के यांनी २००० साली सुरू केलेल्या म्युझिकब्रेन्झसारख्या खुल्या कोशाशी जुळवून त्या नाव भरून देतात. बाजारात आलेल्या काही संग्रहांची नावे अशी मिळाली. मांडवात टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेल्या आवाजांना कोणताही कोश ओळखणार नव्हता. तीनशेहून अधिक फाइलींत गायक रिकामा. ह्यावर उपाय अगदी सोपा: जेथे रकाना रिकामा, तेथे ‘पारंपरिक’ असे भरावे. एक नियम, एक टिचकी, आणि यादी पूर्ण.

ह्या टिचकीवरून आमच्यात बरेच बोलणे झाले. ज्यांना ती हवी होती त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. ही गीते पारंपरिकच आहेत, आणि यादीतील भोके पाहून धर्मग्रामात कोणी तरी नावे ठेवणारच. पण गीत पारंपरिक असते, गाणारी पारंपरिक नसते. तिला घर असते, माहेर असते, तिच्या आवाजाला तिची म्हणून एक किनार असते. रिकामा रकाना दिसला की पाहणारा विचारतो, ही कोण? ‘पारंपरिक’ हा शब्द एकदा बसला की कोणी विचारीत नाही. आम्ही तो नियम लिहिला नाही. रिकाम्या फाइली तेवढ्या निवडून एका वेगळ्या फोल्डरात जमवील असा दुसरा नियम लिहिला, आणि तो फोल्डर फोनमध्ये घालून घरोघर निघालो.

ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी पहिल्या दोन ओळी ऐकताच फोन कानाजवळ धरला.

“आजी, हा तुमचाच आवाज ना?” आम्ही विचारले.

“एकटी कुठे गाते आहे, बाळांनो? माझी मोठी जाऊ उचलते आणि मी झेलते. नीट ऐका. दोघींची नावे लिहा, तिचे आधी.”

त्यांच्या जाऊबाई जाऊन बरीच वर्षे झाली. टॅगच्या प्रचलित रचनेत एकाहून अधिक गायक तिरक्या रेघेने वेगळे करून लिहितात. तशी दोन नावे लिहिली, मोठ्या जावेचे आधी. मग आजींनी आणखी सहा फाइली ओळखल्या. सातवीला त्या म्हणाल्या, “ही आमच्या आळीची नव्हे. हिचे हेल काढणे खालच्या गावचे.” एवढेही आम्ही टीपेत लिहून ठेवले.

असे करीत फोल्डर निम्म्याच्या खाली आला आहे. गती मंद आहे, आणि ओळखणारी माणसे आमच्या गतीसाठी थांबणार नाहीत, ही चिंता रोजची. गेल्या पावसाळ्यात ज्यांच्याकडे जावयाचे ठरले होते, त्या बाईंच्या घरी आम्ही गेलो ते अंत्यविधीला. आता मे महिन्यात बाहेरगावी स्थायिक झालेली मंडळी लग्नांसाठी येतील, तेव्हा मांडवातच वडीलधाऱ्या बायकांना एकत्र बसवून फाइली ऐकवाव्यात असा बेत आहे. त्यांत एक मुद्रण असे आहे की मागे जात्याची घरघर चालू आहे, एक बाई गीत उचलते, आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी तिला हसू फुटते. ती फाइल आम्ही पहिली लावणार आहोत.