ओल्डच्या उलट काय?

आज माझीच एक चूक सांगते. वर्गात मी ‘ओल्ड × न्यू’ एवढंच पाठ करून घेतलं होतं. एका मुलीनं इंग्रजीच्या वहीत लिहिलं, ‘आजी ओल्ड आहे, आई न्यू आहे.’ मी ते मोठ्यानं वाचलं. वर्ग खो खो हसला. ती रडवेली झाली. पण तिचं काय चुकलं? आपल्याकडे आजी म्हातारी, साडी जुनी. इंग्रजीत दोन्हींना ओल्डच! म्हणून आजीसाठी विरुद्धार्थी ‘यंग’, साडीसाठी ‘न्यू’. समानार्थीही फसवे बरं का! ‘स्लिम’ म्हटलं की मावशी खूश, ‘स्किनी’ म्हटलं की रुसलीच.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली. आता फळ्यावर नुसती जोडी नाही, अख्खं वाक्य लिहिते.

परवा तिनंच विचारलं, “बाई, मग शिळ्या पोळीला काय म्हणायचं?”

शोधा पाहू!