डोळ्यांना न दिसणारा उजेड

मागच्या ईदच्या चाँदरातीला आम्ही सगळे गच्चीवर जमलो होतो. धाराशिवचं आभाळ त्या दिवशी स्वच्छ होतं. "तो बघा, लिंबाच्या शेंड्यावर!" असा गलका झाला आणि सगळ्यांचे हात दुआसाठी उठले. माझी भाचीही "दिसला, दिसला" म्हणाली. पण तिचं तोंड चाँदच्या दिशेला नव्हतंच.

तिची नजर लहानपणापासून अधू आहे. जाड भिंगाचा चष्मा लावूनही फळ्यावरचं नीट दिसत नाही. ग्रहताऱ्यांचं वेड मात्र जबर. दहावीनंतर सायन्स घेणार म्हणाली, तेव्हा मी शिक्षिका असूनही बहिणीला म्हटलं, "आर्ट्सला घाल. आभाळ बघणं हे डोळ्यांचं काम, हिला कसं जमेल?" पोरगी दारातच उभी होती. काही बोलली नाही.

ते मनाला लागून राहिलं होतं. म्हणून २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिला घेऊन नारायणगावजवळच्या खोडदला गेले. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली मोठी रेडिओ दुर्बीण तिथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीच्या ३० डिश. १४ मध्यभागी, बाकीच्या १६ तीन दिशांना पसरलेल्या, पार २५ किलोमीटरच्या टापूत.

भाचीने तिथल्या एका मुलाला विचारलं, "पण यातून बघतात कुठून?"

तो हसून म्हणाला, "कुठूनच नाही. इथे डोळा लावत नाहीत."

मग त्याने समजावलं. आपल्याला दिसतो तो तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा उजेड म्हणजे एक लहानसा पट्टा. त्याच्या अलीकडे अवरक्त किरण, सूक्ष्मलहरी, रेडिओलहरी. पलीकडे अतिनील, क्ष-किरण, गॅमा किरण. जात सगळ्यांची एकच, फरक लहरीच्या लांबीचा. क्ष-किरण हवेत अडतात, म्हणून इस्रोने २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅट अवकाशात पाठवला. रेडिओलहरी मात्र ढगांतूनही जमिनीवर पोहोचतात. सगळ्या डिशमधले संकेत संगणक एकत्र करतो आणि आकड्यांतून चित्र तयार होतं. हे संकेत इतके क्षीण असतात, की तिथे मोबाइलसुद्धा बंद ठेवावा लागतो.

हायड्रोजन वायूची एक ओळखीची लहर २१ सेंटिमीटरची. दूरच्या एका दीर्घिकेतून ती ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली, विश्व पसरत असल्याने वाटेत ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची झाली आणि खोडदच्या दुर्बिणीने ती टिपली. मॅकगिल विद्यापीठ आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ते जाहीर केलं. मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेने भिंगासारखं काम करून तो संकेत मोठा केला, म्हणून तो सापडला.

"म्हणजे त्यालाही चष्मा लागला," भाची म्हणाली.

मी हसले, पण घशाशी काहीतरी दाटून आलं. ती लहर निरोगी डोळ्यांच्या माणसालाही कधी दिसली नसती. हा धडा मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत होते. घरच्या पोरीला सल्ला देताना तोच विसरले.

परत आलो त्याच संध्याकाळी रमजानचा चाँद बघायला गच्चीवर गेलो. पुन्हा गलका झाला. भाची माझ्याजवळ सरकली. "खाला, मला नाही दिसला," ती हळूच म्हणाली, पण या वेळी मान खाली न घालता.

मी तिचा हात धरून चाँदच्या दिशेला केला. मग खाली जाऊन बहिणीला सांगितलं, "तेव्हा मी चुकीचं बोलले. हिला सायन्सलाच घाल."