रास्त भावाचा हिशेब

तांदूळ, तूर आणि साखर यांचा भाव व्यापाऱ्याला शोधावा लागत नाही, बाजार तो रोज सांगतो. ज्या वस्तूला आसपास बाजारच नाही, जिचा दुसरा नमुना पन्नास कोसांत नाही आणि जी विकणाऱ्याला तिच्याविषयी काहीच ठाऊक नाही, तिचा भाव ठरविताना मात्र व्यापाऱ्याची खरी परीक्षा होते. अशा वेळी तराजू हाती असून उपयोगाचा नसतो.

आलापल्लीहून जंगलातून पुढे गेल्यावर लागणाऱ्या एटापल्ली या तालुक्याच्या गावी अशी एक वस्तू निघाली. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने घर आवरावयास काढले. माळ्यावरच्या एका खोक्यात काळ्या रंगाचे, जाड पुस्तकाएवढे एक यंत्र होते. त्यावर रबराच्या चाळीस कळा होत्या आणि कोपऱ्यात इंद्रधनुष्यासारखा तिरका पट्टा होता. मुख्याध्यापकांच्या थोरल्या भावाने १९८४ मध्ये ते इंग्लंडहून आणून दिले होते. भंगारवाल्याने ते हातात तोलून पाहिले आणि तीस रुपये सांगितले. यंत्राचे वजन जेमतेम अर्धा किलो असल्यामुळे, भंगाराच्या मापाने पाहता तो भाव उदारच होता.

शेजारी किराणा व धान्याची जुनी पेढी आहे. पेढीचे मालक वयाने पासष्टीचे. त्यांचा पुतण्या पुण्यास संगणक क्षेत्रात नोकरीला आहे आणि तो दिवाळीसाठी घरी आला होता. खोके पाहताच त्याने यंत्र ओळखले. ते सिंक्लेअर कंपनीचे ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ होते.

हे यंत्र ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये विक्रीस आले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, म्हणजे जिल्हा आणि यंत्र समवयस्क. अठ्ठेचाळीस किलोबाइट स्मृतीच्या नमुन्याची किंमत प्रारंभी १७५ पौंड होती. पुढच्याच वर्षी ती १२९.९५ पौंडांवर आली. घरातील दूरदर्शन संच हाच त्याचा पडदा आणि साधा कॅसेट प्लेअर हेच त्याचे साठवणीचे साधन, त्यामुळे मध्यमवर्गीय घराला ते परवडले. अशी पन्नास लाखांवर यंत्रे जगभर विकली गेली. भारतातही १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन त्याची पुढची आवृत्ती बाजारात आणली.

पुतण्याला ते हवेच होते. मुख्याध्यापकांच्या पत्नी म्हणाल्या, “मला काय त्याचं! पाचशे दिलेत तरी पुष्कळ झाले.” भंगारवाल्याच्या तिसाच्या तुलनेत पाचशे म्हणजे सोळा पटींहून अधिक. पुतण्याचा हात खिशाकडे गेला. काकांनी त्याला थांबविले. “वहिनी, दोन दिवस थांबा. आधी हिशेब मांडू, मग देणे-घेणे,” असे सांगून ते घरी आले.

त्या रात्री पेढीवर मांडलेला हिशेब पाहण्यासारखा आहे. जुन्या परदेशी यंत्राची किंमत कशी काढावी याचा तो एक चांगला धडा आहे.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की इंग्लंडात याचा भाव काय? पुतण्याने मोबाईलवर विक्रीच्या जाहिराती दाखविल्या. एकाने २०० पौंड मागितले होते, दुसऱ्याने ३५०. काकांनी त्या बाजूला सारल्या. मागितलेला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. व्यवहार झाला, पैसे हातात पडले, तो आकडाच भाव. विशेष म्हणजे भारताचा सीमाशुल्क कायदाही हेच मानतो. १९६२ च्या त्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे आयात मालाचे मूल्य सर्वसाधारणपणे प्रत्यक्ष दिलेल्या वा देय असलेल्या किमतीवर ठरते, आणि त्यात वाहतूक व विमा मिळविला जातो. पुतण्याने मग गेल्या काही महिन्यांत पूर्ण झालेल्या विक्री शोधून वहीत उतरविल्या. न तपासलेली यंत्रे सुमारे ४० पौंडांना गेली होती. चालू स्थितीतील, पण खोके नसलेली ७० ते ९० पौंडांना, आणि चालू यंत्र, मूळ खोके व पुस्तिका असा पूर्ण संच १२० ते १५० पौंडांना.

दुसरा प्रश्न दुर्मिळतेचा. ‘चाळीस वर्षांचे जुने’ एवढ्यानेच वस्तू मौल्यवान होत नाही. ॲपल कंपनीचा पहिला संगणक १९७६ मध्ये ६६६.६६ डॉलरला विकला गेला आणि तसे नग सुमारे दोनशेच तयार झाले, म्हणून २०१४ च्या लिलावात त्यांपैकी एकाला ९ लाख ५ हजार डॉलर मिळाले. स्पेक्ट्रम लाखोंच्या संख्येने निघाला. त्याच्या अगदी सुरुवातीच्या, फिकट राखाडी कळांच्या नगांना शौकीन अधिक मोजतात, पण माळ्यावरचे यंत्र त्यांतले नव्हते. तेव्हा लाखांची स्वप्ने पाहण्याचे कारण नव्हते आणि तीस रुपयांत देण्याचेही नव्हते.

तिसरा प्रश्न प्रकृतीचा. मोहफूल घेताना ते मुठीत दाबून ओलावा पाहतात, चारोळी घेताना दाणा दाताखाली फोडतात. या यंत्राची परीक्षा कोणती? पुतण्याने क्रमाने सांगितले. कळांखाली पातळ प्लास्टिकचा पडदा असतो, तो वर्षांनुवर्षांनी ठिसूळ होऊन तुटतो. आतील कपॅसिटर सुकतात. स्मृतीच्या चिप जाण्याचे प्रमाण मोठे आहे. खोक्यातला वीजपुरवठ्याचा ठोकळा नऊ व्होल्टचा, पण त्याच्या पिनेच्या मध्यभागी ऋण टोक असते. आजचे बहुतेक ठोकळे नेमके उलटे असल्यामुळे दिसेल तो जोडून पाहिला तर यंत्र क्षणात निकामी होऊ शकते. त्याच कारणाने त्याने एटापल्लीत ते सुरू करून पाहिले नाही. जंगलभागातील पावसाळी दमटपणाने मागील जोडण्यांवर हिरवट गंज धरला होता आणि खोक्याचा एक कोपरा वाळवीने खाल्ला होता.

चौथा प्रश्न, घरपोच पडता किती? हेच यंत्र इंग्लंडहून मागविले तर किमतीवर टपालखर्च, विमा, कर आणि बँकेचे परकीय चलनाचे शुल्क चढते. शिवाय वापरलेला संगणक भारतात मुक्तपणे आयात करता येत नाही, परकीय व्यापार धोरणाप्रमाणे त्यासाठी परवानगी लागते. म्हणजे भारतात असलेला नग मिळणे ही घेणाऱ्याची मोठी सोय होती. उलट, मुख्याध्यापकांच्या पत्नीला तो इंग्लंडातील शौकिनाला विकणे शक्यच नव्हते. काकांनी ठरविले की वाहतुकीची बचत घेणाऱ्याने ठेवावी आणि परदेशातील पूर्ण झालेल्या विक्रीचा भाव विकणारीला मिळावा. दोघांचेही त्यात भले आहे.

इथवर काका-पुतण्यांचे एकमत होते. पुढच्या प्रश्नावर मतभेद झाला.

पुतण्या म्हणाला, “काका, त्यांनी स्वतःच्या तोंडाने पाचशे सांगितले आहेत. मी फसवत नाही. हे यंत्र ओळखायला मी कितीतरी वर्षे घालवली, त्या ज्ञानाची काही किंमत नाही का? आणि ते बंद निघाले तर नुकसान माझेच. मी आलो नसतो तर तीस रुपयांत भंगारात गेले असते.”

हा युक्तिवाद कच्चा नाही. व्यापार ज्ञानावरच चालतो; कुठे काय पिकते आणि कुठे काय खपते हे ज्याला कळते तोच नफा मिळवितो. काकांनी ते नाकारले नाही. त्यांनी मिठाची गोष्ट काढली. शेजारच्या बस्तरातील आठवडी बाजारांत एके काळी मीठ देऊन त्याच्या बरोबरीच्या वजनाची चारोळी घेतली जाई. देणारा राजीखुशीने देत असे, मापातही खोट नव्हती, आणि मिठाशिवाय त्याचे अडत होते हेही खरे. तरीही त्या व्यवहाराला आज कोणी रास्त म्हणत नाही, कारण चारोळीला शहरात काय मोल आहे हे एकाच बाजूला ठाऊक होते.

तेंदूपानांचे उदाहरण काकांच्या डोळ्यांसमोरचे होते. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, हे माप जुनेच आहे. पण १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य झाल्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. शेजारच्या गावाला काय दर मिळाला हे आता विकणाऱ्याला कळते. ठेकेदार त्यानंतरही येतात, बोली लावतात आणि नफाही कमावतात. विकणारा जाणता झाला म्हणून व्यापार बुडाला नाही.

“तुझ्या श्रमाचे घे, जोखमीचे घे,” काका म्हणाले. “दोन्ही वहीत लिही. पण ‘वहिनींना माहीत नव्हते’ ही रक्कम कोणत्या खात्यात लिहिशील? हा सगळा कागद त्यांना वाचून दाखव. त्यानंतरही त्या पाचशेलाच देतो म्हणाल्या, तर खुशाल घे.”

पुतण्या काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने वही ओढली आणि आकडे लिहावयास घेतले. पूर्ण संचाचा भाव, त्यातून वाळवीने खाल्लेल्या खोक्याची सूट, म्हणजे ११० पौंड. पौंडाला ११० रुपये धरून १२,१०० रुपये, ते सोयीसाठी १२,००० केले. यंत्र चालते की नाही हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून व्यवहार दोन हप्त्यांत बांधला. न तपासलेल्या यंत्राचे ४,००० रुपये तत्काळ द्यावयाचे आणि ते कोणत्याही स्थितीत परत मागावयाचे नाहीत. पुण्यास दुरुस्त होऊन ते चालू झाले, तर बारा हजारांतून दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च वजा करून उरलेली रक्कम पाठवावयाची. चालू झालेच नाही, तर चार हजारांवर व्यवहार संपला.

दुसऱ्या दिवशी हा कागद मुख्याध्यापकांच्या पत्नीला ओळीने वाचून दाखविण्यात आला. पौंड, कपॅसिटर यांत त्यांना रस नव्हता, पण दोन हप्त्यांची अट त्यांनी पुन्हा विचारून नीट समजून घेतली. मग त्या आत जाऊन एक कॅसेट घेऊन आल्या. मुख्याध्यापकांनी मुलांना पाढे शिकविण्यासाठी या यंत्रावर एक छोटी आज्ञावली लिहिली होती, ती तिच्यात भरलेली होती. “ही यात धरायची का?” त्यांनी विचारले. पुतण्याने सांगितले की बाजारात तिला काही मोल नाही. तिच्यामुळे भाव वाढत नाही आणि ती दिली नाही तर कमीही होत नाही. “मग ती माझ्याकडेच राहू द्या,” असे म्हणून त्यांनी कॅसेट पदराआड घेतली. तिची एक प्रत करून घेण्याची परवानगी मात्र त्यांनी आनंदाने दिली.

पुण्यास कळांखालचा पडदा, कपॅसिटर आणि वीजपुरवठ्याचा ठोकळा बदलावा लागला. एकूण खर्च २,६०० रुपये झाला. यंत्र सुरू होताच पडद्याच्या तळाशी १९८२ या वर्षासह सिंक्लेअर कंपनीचे नाव उमटले. त्याच संध्याकाळी ५,४०० रुपये एटापल्लीच्या खात्यात जमा झाले. दुरुस्तीच्या पावत्यांची छायाचित्रेही पाठविली गेली. ती कोणी मागितली नव्हती.

मुख्याध्यापकांच्या पत्नीला एकूण ९,४०० रुपये मिळाले. पुतण्याला १२,००० रुपयांत चालू यंत्र पडले. इंग्लंडहून मागविले असते तर याहून कितीतरी अधिक गेले असते, आणि परवानगीची खटपट वेगळीच. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याला भेटताना नजर चुकवावी लागत नाही. लहान गावात पेढी चालविणाऱ्याला या गोष्टीचे मोल कळते, कारण तिथे गिऱ्हाईक आणि शेजारी एकच असतो.

तो हिशेबाचा कागद पेढीच्या त्या वर्षाच्या वहीत लावून ठेवलेला आहे. जुने यंत्र असो, आजीचा दागिना असो की जंगलातून आलेली पाटीभर चारोळी, अनोळखी वस्तूचा भाव करताना काका तो नव्या मुनिमाला काढून दाखवितात. शेवटी प्रश्न एकच विचारतात: हा कागद समोरच्याला वाचून दाखवता येईल का?