उन्हाळी नांगरट

मार्च सरत येतो तशी दोंडाईच्याच्या आसपासची वावरं मोकळी होतात. हरभरा निघालेला असतो, काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात आणि नांगरट सुरू होते. उलटलेली ढेकळं अख्खा उन्हाळा तापू द्यायची. मग हरळीच्या, कुंद्याच्या खोल गेलेल्या काशा वर येऊन वाळतात. नुसता वखर फिरवून पेरलं, तर पिकाआधी तणच जोर धरतं.

आम्हा ख्रिस्ती लोकांचा लेंट, म्हणजे पश्चात्तापाचा काळही, याच सुमाराला येतो. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, ४० दिवस. होशेय आणि यिर्मया या दोन्ही संदेष्ट्यांनी लोकांना पडीक जमीन नांगरायला सांगितलं. काट्यांत पेरू नका, असंही यिर्मया बजावतो. हे ते परक्यांना सांगत नव्हते. देवाला ओळखणाऱ्या, सण पाळणाऱ्या, अर्पणं आणणाऱ्या आपल्याच माणसांना सांगत होते. म्हणून मला ते जिव्हारी लागतं. वर्षानुवर्षं मंडळीत बसणाऱ्याचं मनही पडीक राहू शकतं.

पश्चात्ताप म्हटला की आम्हाला अश्रू आठवतात. ते खरेच असतात. जून १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंच्या मुली आपली पापं कबूल करत धाय मोकलून रडल्या. त्यातल्या कितीतरी दुष्काळातून वाचवून आणलेल्या. जगानेच ज्यांचे अपराध केले होते, त्या मुली देवापुढे स्वतःचे अपराध सांगत होत्या, हे वाचताना आजही गळा दाटतो. पण रडून त्या थांबल्या नाहीत. त्यांचे जथे आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाले.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी विचारलं, आम्ही काय करावं? त्याने ना उपास सांगितला, ना प्रार्थनेचे तास. दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांनो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांनो, कुणाला धाक घालून पैसे उकळू नका. दोंडाईच्यात, मिरचीच्या बाजाराच्या या गावात, ही उत्तरं फार जवळची वाटतात. मापात मारलेला शेतकरी, मजुरी अडवून ठेवलेली बाई, बांधावरून बोलणं तुटलेला भाऊ: मन तयार करायचं काम यांच्या दारापर्यंत जातं. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असं प्रभूनेच सांगितलं आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी कुणी असा समेटाला निघाला, तर त्याची उपासना तिथूनच सुरू झाली, असं मी मानतो.

यातही एक धोका आहे. मी आधी सगळं साफ करीन, मगच देवासमोर जाईन, असं म्हणत माणूस आयुष्यभर बाहेर उभा राहतो. जक्कयाचं तसं झालं नाही. यरीहोचा हा जकातदार गर्दीमुळे येशू दिसेना म्हणून झाडावर चढला होता. येशूने त्याला हाक मारली आणि आज तुझ्याच घरी उतरणार, असं सांगितलं. लोक कुरकुरले. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्यांना चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलला. येशू त्याच्या घरी निघाला, तेव्हा एकाचेही पैसे अजून परत झाले नव्हते.