बंद दारांमागचा उन्हाळा

वणवा हा शब्द वसईच्या माणसाला परका नाही. फाल्गुन-चैत्रात तुंगारेश्वरच्या डोंगरावर रात्री आगीची माळ दिसते. किनाऱ्याकडील आमच्या वाडीतून ती पाहताना लहानपणी कधी भीती वाटल्याचे मला स्मरत नाही. उलट ती शोभाच वाटे. डोंगर दूर होता, मध्ये खाजण होते, भातशेते होती. आग ही दुसऱ्याच्या अंगणातली गोष्ट, अशी एक समजूत मनात नकळत रुजून बसली. पुढे आमच्या धर्मग्रामातील एक मावशी नातवंडाच्या जन्मानिमित्त मुलाकडे मेलबर्नला गेल्या आणि २००९ सालच्या तिकडच्या वणव्याची हकीकत घेऊन परतल्या, तेव्हा ती समजूत प्रथम हलली. मात्र त्यांच्या बोलण्यातील जी गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली, ती वणव्याची नव्हती. ती वणव्याच्या आधीच्या आठवड्याची होती.

“फादर, तिकडचं ऊन आपल्यासारखं नाही,” त्या म्हणाल्या. “घाम दिसतच नाही. दगड तापावा तसं माणूस तापतं. आणि रात्र झाली तरी भिंतीला हात लाववत नाही.”

दक्षिण गोलार्धात जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. त्या वर्षी महिन्याच्या अखेरीस टास्मान समुद्रावर उच्च दाबाचे एक क्षेत्र येऊन ठाण मांडून बसले. अशा क्षेत्रात हवा वरून खाली उतरते, उतरताना दाबली जाते आणि दाबाने तापते. ढग धरत नाहीत. त्यातच त्याच्या कडेने वाहणारे वारे खंडाच्या पोटातील वाळवंटाची धग व्हिक्टोरिया राज्यावर आणून ओतत राहिले. मेलबर्नचा पारा २८ जानेवारीला ४३.४ अंशांवर गेला, २९ ला ४४.३ वर आणि ३० ला ४५.१ वर. सलग तीन दिवस त्रेचाळीस अंशांच्या वर, असे त्या शहराच्या नोंदींत पूर्वी कधी घडले नव्हते. रेल्वेचे रूळ वाकले, गाड्या रद्द झाल्या. ३० तारखेला लाखो घरांची वीज गेली. पंखे आणि वातानुकूलन यंत्रे बंद पडली, ती नेमकी सर्वांत तापलेल्या दिवशी.

एका दिवसाचे कडक ऊन आणि तीन-चार दिवस न हटणारी उष्णता यांत केवळ संख्येचा फरक नाही, ही गोष्ट मला फार उशिरा, एका डॉक्टर मित्राकडून समजली. उन्हात शरीर थंड ठेवण्याची मुख्य जबाबदारी हृदयावर येते. रक्त कातडीकडे अधिक वेगाने धाडायचे, घाम गाळायचा, तो घाम वाळताना उष्णता घेऊन जाईल याची वाट पाहायची. तरुण माणसाचे हृदय दिवसभर हे ओझे ओढते आणि रात्री विसावते. परंतु रात्रच थंड झाली नाही, विटांच्या भिंती दिवसा साठवलेली धग रात्रभर घरात सोडीत राहिल्या, तर त्या हृदयाला विसावा कोठला? वृद्धांना तहान कमी लागते. रक्तदाबासाठी घेतलेल्या काही गोळ्या अंगातील पाणी आणखी कमी करतात. पहिला दिवस निभावतो, दुसरा कसाबसा जातो. तिसऱ्या रात्री काहीही आवाज न होता सारे संपते. आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिले जाते. उन्हाचा त्यावर उल्लेखही नसतो.

मग हे मृत्यू मोजायचे कसे? त्याला एकच रीत आहे. एरवी त्याच आठवड्यात किती माणसे जातात ते पाहायचे आणि या वर्षी किती गेली ते पाहायचे. २६ जानेवारी ते १ फेब्रुवारी या आठवड्यात व्हिक्टोरियात सरासरीने ६०६ मृत्यू व्हावयाचे, ते २००९ मध्ये ९८० झाले. ३७४ माणसे अधिक. त्यांतील बहुसंख्य पंच्याहत्तरीच्या पुढची.

ही मोजदाद लोकांपुढे येण्यापूर्वीच ७ फेब्रुवारीचा शनिवार उजाडला. राज्याचे प्रमुख जॉन ब्रंबी यांनी आदल्या दिवशीच लोकांना सावध केले होते की उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासातील सर्वांत वाईट ठरू शकेल. आधीच वर्षानुवर्षांचा दुष्काळ. त्यावर त्या उष्ण आठवड्याने गवतातील आणि पाचोळ्यातील उरलासुरला ओलावा शोषून घेतला होता. त्या दिवशी मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला, हवेतील आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली उतरली आणि वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने घोंघावू लागला. दुपारी बाराच्या सुमारास किल्मोर ईस्ट येथे विजेची एक तार तुटली. निलगिरीच्या जातीच्या झाडांची साल लांब पट्ट्यांनी सुटते. पेटलेले ते पट्टे वाऱ्याबरोबर उडत पुढे जाऊन पडत आणि आगीच्याही पुढे नवी आग लागे. वारा वायव्येचा होता तोवर आग लांब, अरुंद जिभेसारखी धावत होती. संध्याकाळी वारा नैऋत्येकडून वाहू लागला आणि त्या जिभेची सबंध बाजू हीच आगीची आघाडी झाली. किंगलेकसारख्या डोंगरी वस्त्यांना पळायला वेळ उरला नाही. मेरीसव्हिल हे गाव जवळजवळ नाहीसे झाले. १७३ माणसे त्या दिवशीच्या आगींत गेली, दोन हजारांहून अधिक घरे जळाली. नंतर नेमलेल्या शाही आयोगापुढे एकेका मृत्यूची हकीकत मांडली गेली. १७३ पैकी ११३ जण घरांतच सापडले होते.

ऑस्ट्रेलियन लोक आपल्या वणव्यांना नावे देतात. १३ जानेवारी १९३९ चा ‘काळा शुक्रवार’. त्यात ७१ माणसे गेली. १६ फेब्रुवारी १९८३ ला तर उपवासकाळाचा पहिला दिवस होता, कपाळाला राख लावून घेण्याचा दिवस. त्या दिवशीच्या आगींत ७५ जण मृत्युमुखी पडले आणि ‘राखेचा बुधवार’ हे नाव तिकडच्या धर्मनिरपेक्ष सरकारी कागदपत्रांतही कायमचे जाऊन बसले. २००९ चा तो ‘काळा शनिवार’. आगीला नाव मिळते, स्मृतिदिन मिळतो, स्मारक मिळते. तसे व्हावे यात वावगे काहीच नाही. होरपळून गेलेल्या जिवांच्या दुःखाची तुलना कोणी कशाशी करू नये. परंतु त्याच्या आधीच्या आठवड्यात गेलेल्या ३७४ जणांच्या आठवड्याला कोणी नाव दिले नाही. आग दिसते, तिचा आवाज होतो, तिचे छायाचित्र निघते. तापलेल्या खोलीत खाटेवर निजलेल्या वृद्धेचे छायाचित्र कोण काढणार?

मेलबर्नहून आलेली ही गोष्ट ऐकल्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, आणि त्या वाचनात एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाचे २००२ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक हाती आले. १९९५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरात जी उष्णतेची लाट आली तिचे त्यांनी जणू शवविच्छेदन केले आहे. १३ जुलैला तेथे पारा ४१ अंशांवर गेला, हवा दमट होती, रात्री थंडावल्या नाहीत. जेमतेम आठवडाभरात नेहमीपेक्षा ७३९ माणसे अधिक मेली. शवागारात जागा उरली नाही, म्हणून शीतपेट्यांचे ट्रक बाहेर रांगेने उभे करावे लागले. शवपरीक्षक एडमंड डोनोह्यू आकडे सांगत होते आणि महापौर रिचर्ड डेली ते आकडे फुगवलेले असल्याची शंका घेत होते. ज्यांचे कोणीच आले नाही अशांना शेवटी एका लांब चरात एकत्र पुरण्यात आले.

त्या पुस्तकातील एक भाग मी दोनदा वाचला. शिकागोत नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल अशा दोन वस्त्या शेजारी शेजारी आहेत. दोन्हींकडे गरिबी होती, दोन्हींकडे एकटे राहणारे वृद्ध होते, ऊनही तेच. पण पहिल्या वस्तीत मृत्यूचे प्रमाण लाखाला ४० तर दुसरीत ४. दहापट फरक! पहिल्या वस्तीतील कारखाने व दुकाने उठून गेली होती, मोकळ्या भूखंडांवर रान माजले होते, अंधार पडल्यावरच काय, दिवसाही म्हातारी माणसे दार उघडायला भीत. दुसरी वस्ती मुख्यतः मेक्सिकन कुटुंबांची. रस्ते गजबजलेले, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकाने, त्यांत क्षणभर गारव्याला टेकता येई. आणि लेखकाने नमूद केले आहे की तेथील कॅथलिक चर्चेसही लोकांत मिसळलेली होती. ही गोष्ट वाचून एका धर्मगुरूला आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे, आणि मला झालाही. परंतु मग पुढचा प्रश्न आला: त्या आजीबाईंचा जीव चर्चने वाचवला की कोपऱ्यावरच्या दुकानाने? मला वाटते, ती बाहेर पडू शकली, याने वाचवला. बाहेर तिला ओळखणारे कोणीतरी होते.

फ्रान्समध्ये २००३ च्या ऑगस्टमध्ये सुमारे पंधरा हजार माणसे अशीच गेली. सबंध युरोपात ती संख्या सत्तर हजारांच्या वर. ऑगस्ट हा तिकडे सुट्टीचा महिना. मुले समुद्रकिनारी, डॉक्टर रजेवर, म्हातारी पॅरिसमध्ये वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखाली. दावेदार न मिळालेल्या ५७ देहांना तियेच्या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली तेव्हा राष्ट्राध्यक्ष जाक शिराक स्वतः उपस्थित होते. त्यानंतर फ्रान्सने दोन गोष्टी केल्या. पेंटेकॉस्टच्या सोमवारची सुट्टी जादा वेतनाविना कामाचा दिवस ठरवून त्यातून वृद्धांच्या सेवेसाठी निधी उभारला. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि पुढे तो नियम सैलही केला गेला. सणाची सुट्टी गमावणे कोणाला आवडते? दुसरी गोष्ट साधी, कमी गाजलेली आणि माझ्या मते अधिक मोलाची. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे नगरपालिकेत नोंदवून ठेवायची आणि लाटेच्या दिवसांत त्यांना फोन करायचा. एक वही आणि एक फोन, बस्स.

व्हिक्टोरियानेही धडा घेतला. वणव्याच्या धोक्याची मोजपट्टी १९३९ च्या काळ्या शुक्रवारला शंभर मानून आखलेली होती; २००९ ने ती ओलांडल्यामुळे वर ‘महाविनाशक’ अशी एक नवी पायरी जोडावी लागली. त्या पायरीचा अर्थ एकच: घर वाचवायला थांबू नका, आधीच निघा. उष्णतेसाठी इशारा देताना दिवसाचे कमाल आणि त्यानंतरच्या रात्रीचे किमान तापमान यांची सरासरी धरली जाऊ लागली. रात्र हिशेबात आली, हे मला विशेष वाटते. आपल्याकडे अहमदाबादने हा मार्ग प्रथम धरला. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला होता आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. २०१३ पासून त्या शहराची उष्णतेशी सामना करण्याची स्वतःची योजना आहे.

आम्ही किनाऱ्यावरची माणसे. ‘विदर्भात ऊन, आमच्याकडे समुद्र’ असे म्हणून आम्ही निर्धास्त असतो. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंगाला गारवा देत नाही. म्हणूनच हवामान खाते किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेची मर्यादा मैदानी प्रदेशाच्या ४० अंशांऐवजी ३७ च धरते. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारी झालेल्या समारंभानंतर १४ माणसे दगावली, ती चाळिशीपार गेलेल्या पाऱ्याने नव्हे. आमच्या वसईत जुनी घरे कौलारू होती, जाड भिंतींची; अंगणापलीकडे बावखल, त्याच्या काठी केळी. बावखले बुजली, कौलांच्या जागी स्लॅब आला. तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तापलेल्या तव्यासारखा डोक्यावर असतो. मुले कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला, आखातात. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून घर दुमजली झाले, आणि त्यात एकच माणूस झोपते.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघर फिरतो. त्याची एक वही असते. परंतु त्या वहीत आजाऱ्यांची नावे असतात. धडधाकट पण एकट्या माणसाचे नाव तिच्यात येण्याचे कारण नाही. या वर्षी एप्रिलपूर्वी समूहप्रमुखांना बसवून दुसरी वही केली. दोन पाने भरली. प्रत्येक नावापुढे शेजाऱ्याचे नाव, कोणती गोळी चालू आहे, वरच्या मजल्यावर झोपतात की खाली, घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे. लाटेचा इशारा आला की सकाळ-संध्याकाळ दोनदा कोणीतरी डोकवायचे, आणि दुपारी चर्चचे सभागृह पंखे लावून उघडे ठेवायचे. तरुणांनी हे काम उत्साहाने अंगावर घेतले. किल्लीच्या बाबतीत मात्र अडले. आपल्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे द्यायला लोक आजकाल सहजी तयार होत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा?

एका आजोबांनी तर नावच घालू दिले नाही. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली, मुलगी टोरांटोला. “मी काय आजारी आहे का, फादर? माझं नाव म्हाताऱ्यांत कशाला?” मी आग्रह धरला नाही. निघताना समोरच्या घरातील बाईंना हळूच सांगितले की लाटेच्या दिवसांत सकाळी आठपर्यंत त्यांची खिडकी उघडली नाही तर मला कळवा.

“आठ कशाला, फादर? ते सहालाच उघडतात,” ती म्हणाली. “मी रोज बघते.”

तिचा नंबर वहीत लिहून घेतला. आजोबांच्या नावाची जागा तेवढी कोरी ठेवली.